खुर्च्या परत आणण्याआधी सुतार परत आणा

युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या लिलावात, चंडीगड शहर उभे राहताना तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी बनलेली एक खुर्ची लाखो रुपयांना गेली की आपल्याकडे बातमी येते आणि तिच्यापाठोपाठ ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, ही आपल्या वारशाची लूट आहे, सरकारने निर्यात बंद करावी आणि गेलेले परत आणावे. दुसरी बाजू विचारते, सरकारी कचेरीतल्या जुन्या खुर्च्यांचे एवढे कौतुक कशाला, तेही एका स्विस माणसाने आखलेल्या? गेल्या काही वर्षांत तिसरा आवाजही आला आहे. ‘मिडसेंच्युरी मॉडर्न’ (विसाव्या शतकाच्या मध्याची आधुनिक शैली) नावाची एक सजावट असते, तिरके निमुळते पाय आणि वेताची जाळी आणली की ती घरात येते, असे तो सांगतो. पहिला मालकीविषयी बोलतो, दुसरा आखणाऱ्याच्या पासपोर्टाविषयी, तिसरा दिसण्याविषयी. खुर्ची साठ-सत्तर वर्षे टिकते ती कशामुळे आणि मोडीत जाते ती कशामुळे, हे कोणीच विचारत नाही. माझे म्हणणे असे की चंडीगडने आधी दुरुस्तीची व्यवस्था गमावली, आणि ती गेल्यावर खुर्च्या जाणे फक्त वेळेचा प्रश्न उरला. या शैलीची खरी कदर करायची तर सुरुवात सुतार आणि वेत विणणाऱ्यापासून व्हायला हवी. निर्यातबंदी त्यानंतरची.

आधी ही खुर्ची आली कुठून ते पाहू. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या शहराचे काम 1951 मध्ये स्विस-फ्रेंच वास्तुकार ल कॉर्ब्युझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू हे इंग्लिश दाम्पत्य यांच्याकडे आले. कॉर्ब्युझिए वर्षातून थोडे दिवस येऊन जात असे. जानरे मात्र 1965 पर्यंत तिथेच राहिला, आणि या खुर्च्या मुख्यतः त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. त्यांच्यासोबत तरुण भारतीय वास्तुकारांचा मोठा चमू होता: एम. एन. शर्मा, यूली चौधरी, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, ए. आर. प्रभावळकर आणि आणखी कित्येक. सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, विद्यापीठ, वसतिगृहे, ग्रंथालये आणि शिपायापासून मंत्र्यापर्यंतची घरे एकाच वेळी उभी राहत होती, आणि त्या सगळ्यांना बसायला, लिहायला, फायली ठेवायला सामान हवे होते. हजारो नग, तुटपुंजा पैसा, आणि घाई. हातात होते काय? सागवान, शिसम, वेत, आणि हातकरवत चालवणारे सुतार.

या मर्यादांतून जे निघाले ते नीट पाहायला हवे, कारण कौतुक इथे करायचे आहे. त्याच काळात अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स साच्यात दाबलेल्या प्लायवूडच्या आणि 1950 पासून फायबरग्लासच्या खुर्च्या काढत होते. त्यामागे अवजड यंत्रे आणि मोठा कारखाना होता. डेन्मार्कमध्ये हान्स वेग्नर वाफेने वाकवलेले लाकूड वापरत होता. चंडीगडकडे यांतले काही नव्हते. म्हणून तिथल्या प्रसिद्ध खुर्चीत लाकूड वाकवलेलेच नाही. जाड, सरळ फळ्यांतून कापलेले दोन पाय उलट्या ‘व्ही’सारखे जोडायचे, वर हाताचा दांडा टेकवायचा, की एक बाजू तयार. अशा दोन बाजूंमध्ये आसनाची आणि पाठीची चौकट बसवायची आणि चौकटीत वेत विणायचा. साच्याची गरज नाही, परदेशी भाग नाहीत, आणि एका कार्यशाळेला जमले ते दुसरीलाही जमेल. कामे निविदा काढून वेगवेगळ्या कार्यशाळांना दिली गेल्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांत पायाची जाडी आणि कोन थोडे वेगळे सापडतात. संग्राहकांना हा दोष वाटतो. मला तो त्या खुर्चीचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण ती कोणालाही बनवता यावी अशीच आखलेली होती.

यात हवामानाचीही समज आहे. वेताच्या जाळीतून वारा खेळतो, मे महिन्यात पाठीला घाम धरत नाही. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. बैठक पायांवर उचललेली असल्याने खालून केरसुणी आणि ओले फडके फिरते. जमिनीला चिकटून बसलेल्या आजच्या अवजड सोफ्याखाली ते फिरत नाही, आणि पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते.

आता लुटीचा मुद्दा. त्यात भावना खरी आहे, पण तथ्य कच्चे आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. या खुर्च्या कोणी रात्री भिंत फोडून नेल्या नाहीत. नंतरच्या काळात काही चोऱ्या झाल्या, पण मोठा साठा गेला तो सरकारी लिलावातून. मोडकळीस आलेले सामान कार्यालयांनी गच्चीवर, जिन्याखाली, आवारात रचले, निकामी ठरवले आणि भंगाराच्या भावाने विकले. परदेशी व्यापाऱ्यांनी रीतसर बोली लावली, पैसे भरले, पावती घेतली. केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा विक्रीवर 2011 मध्ये बंदी घातली, पण तोवर जायचे ते बरेच गेले होते. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, 1972 हा कायदा या खुर्च्यांच्या कामी येत नाही, कारण त्यात पुरावशेष ठरायला सर्वसाधारण वस्तू किमान 100 वर्षे जुनी लागते. चंडीगडची खुर्ची त्या वयाची व्हायला अजून पाव शतक आहे.

याच कायद्यात आणखी एक वाट आहे, ती या वादात फारशी कोणी काढत नाही. वय कमी असले तरी एखादी कलाकृती ‘कलानिधी’ म्हणून घोषित करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. अट एवढीच की तिचा कर्ता हयात नसावा. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय यांची चित्रे अशीच देशाबाहेर जाण्यापासून रोखली आहेत. जानरे 1967 मध्ये गेला. मग ही तरतूद खुर्च्यांना का लावू नये? लावता येईल कदाचित, पण त्याने साधणार काय, हा माझा प्रश्न आहे. अमृता शेरगिलचे चित्र एकच असते. ते भिंतीवर टांगले की त्याचे काम झाले. खुर्ची हजारोंच्या संख्येने बनली, निविदेवर बनली, आणि तिचा ‘कर्ता’ म्हणून एकच नाव लिहिणे हा त्या चमूवर अन्याय आहे. कलानिधी ठरली की ती कुलूपबंद खोलीत जाईल, वर प्लास्टिक टाकले जाईल, आणि त्या प्लास्टिकखाली कोंडलेल्या ओलीने वेत काळा पडेल. सीमेवर जप्ती करता येते म्हणून गोदामातली कूज थांबत नाही.

व्यापाऱ्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा असा: त्यांनी उचलल्या नसत्या तर या खुर्च्या चुलीत गेल्या असत्या. हेही बऱ्याच अंशी खरे आहे, आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. ज्या वस्तूंकडे आपण ढिगारा म्हणून पाहत होतो त्यांची छायाचित्रे काढली गेली, त्यांवर पुस्तके निघाली, जगभरच्या संग्रहालयांनी त्या घेतल्या. पण वाचवताना त्यांनी काय पुसले तेही पाहा. पुष्कळ खुर्च्यांचे जुने पॉलिश घासून काढले गेले, लाकूड एकसारखे उजळ केले गेले, वेत नवा भरला गेला. हाताच्या दांड्यावर वर्षानुवर्षांच्या हातांनी आलेली झिलई गेली. मागे रंगवलेला कार्यालयाचा शिक्का आणि नोंद क्रमांक तेवढा जपला, कारण अस्सलपणाचा पुरावा म्हणून बाजारात त्यालाच किंमत. आणि लिलावाच्या यादीत नाव राहिले जानरेचे एकट्याचे. यूली चौधरींनी फर्निचरच्या आखणीत त्याच्यासोबत काम केले, सुतारांनी प्रत्यक्ष बनवले. बाजाराला मात्र एक सही लागते.

‘परदेशी माणसाची शैली’ हा आक्षेप मला सर्वांत दुबळा वाटतो, तरी त्याचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते. हाच जानरे 1920 च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये कॉर्ब्युझिए आणि शार्लोत पेरियां यांच्याबरोबर चकचकीत पोलादी नळ्यांचे फर्निचर आखत होता. चंडीगडला आल्यावर त्याने ते इथे लादले नाही. साग, वेत आणि हातकरवत यांच्याकडून तो शिकला. इथे बदलले कोण, पंजाब की जानरे? आणि आधुनिकता ही बाहेरून आलेल्यांचीच होती असेही नाही. सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकले, हार्वर्डला जर्मन वास्तुकार वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली गेले, आणि परतल्यावर त्यांनी अहमदाबादची वस्त्रोद्योग संशोधन संस्था ‘अटिरा’ आणि पुढे आयआयटी कानपूर उभी केली, तीही भारतीय ऊन आणि भारतीय वीटकाम यांचा हिशेब करून. वस्तू कुठून आली यापेक्षा ती कोणाच्या वापरात रुजली हे महत्त्वाचे असते. थोनेट या फर्निचर कंपनीची 1859 ची 14 क्रमांकाची खुर्ची व्हिएन्नाची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, सुटे केले तर एका घनमीटरच्या खोक्यात 36 खुर्च्या मावत. तिच्या कुळातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या बोटीने मुंबईत आल्या, इराणी हॉटेलांत पिढ्यान्पिढ्या राहिल्या, आणि वेत तुटला तिथे प्लायवूडची चकती बसवून पुढे चालत राहिल्या. त्या खुर्च्यांना आज कोणी ऑस्ट्रियन म्हणत नाही, कारण मुंबईने त्या दुरुस्त केल्या.

तर दुरुस्तीकडे येऊ, कारण सगळी मेख इथे आहे. अशा खुर्चीत तीन गोष्टी बिघडतात आणि तिन्हींची कारणे ठाऊक आहेत. पहिला जातो वेत, आणि तो बहुधा आसनाच्या पुढच्या कडेला, भोकांच्या तोंडाशी तुटतो. बल्ब बदलायला कोणी खुर्चीवर उभे राहिले की एका दमात जातो. एरवी वातानुकूलित खोलीत वाळून कडक झाला की हळूहळू चिरत जातो. उपाय सोपा आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा आसनाला खालच्या बाजूने ओला स्पंज फिरवायचा. वरची बाजू गुळगुळीत सालीची असल्याने पाणी घेत नाही, खालची घेते. म्हणूनच वेतावर दोन्हीकडून वॉर्निशचा जाड थर देणे घातक: पाणी शोषायची वाटच बंद होते. पुन्हा विणायचे तर भोकांमधले अंतर 12 ते 16 मिलिमीटर असेल तिथे 2 ते 2.5 मिलिमीटर रुंदीची पट्टी लागते. ती पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्यात भिजवायची, आणि सात फेऱ्या: उभी, आडवी, पुन्हा उभी, मग वर-खाली गुंफत आडवी, दोन तिरक्या, शेवटी कडेची पट्टी. हाताने विणलेले आसन नीट वापरले तर दहा वर्षे सहज जाते. त्याऐवजी तयार जाळी खाचेत ठोकून बसवायची असेल तर खाचेत पाण्याने सुटणारा गोंदच हवा. इपॉक्सी घातले की पुढच्या वेळी लाकूड फोडल्याशिवाय जाळी निघत नाही.

दुसरा बिघाड सांध्याचा. एका लाकडाचे कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, दुसऱ्याच्या खाचेत बसलेले असते. माणसे खुर्ची उचलत नाहीत, ओढतात. तिरक्या पायावर प्रत्येक ओढीचा ताण थेट त्या सांध्यात जातो आणि तो ढिला होतो. या टप्प्यावर खुर्ची वाचवायला अर्धा दिवस पुरतो, पण आपल्याकडे या टप्प्यावर खिळा ठोकतात. खिळ्याने लाकूड चिरते, गंजाने भोवतालचा भाग काळा पडून भुसभुशीत होतो, आणि सहा महिन्यांत सांधा आधीपेक्षा जास्त हलतो. योग्य रीत अशी: सांधा पूर्ण उघडायचा, जुना गोंद खरवडून कोरे लाकूड दिसू द्यायचे, कुसू झिजले असेल तर सागाचीच पातळ पापडी चिकटवून भरायचे, मग नवा गोंद लावून शिकंजात 24 तास ठेवायचे. खरवडणे टाळता येत नाही, कारण पांढरा गोंद स्वतःच्याच वाळलेल्या थरावर धरत नाही. नुसता वरून ओतलेला फेव्हिकॉल हा दिलासा आहे, दुरुस्ती नव्हे. जुना सरस (जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद) असेल तर ऊब आणि ओल दिली की सुटतो. पांढरा गोंद गरम व्हिनेगरने नरम पडतो, पण वेळ घेतो.

तिसरे पॉलिश. लाखेचे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (लाखेच्या पापड्या), लिटरला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम, मलमलीतून गाळून कापसाच्या बोळ्याने पातळ हातांनी चढवलेला. द्रावण ताजे हवे. सहा-आठ महिने पडून राहिलेले नीट वाळत नाही, चिकट राहते. भर पावसाळ्यात हे काम काढू नये, हवेतली ओल थरात अडकते आणि पॉलिश पांढरे मारते. गरम कपाचा पांढरा डाग स्पिरिटच्या किंचित ओल्या बोळ्याने पुष्कळदा निघून जातो. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांसारखे कृत्रिम पॉलिश चढवले तर ते कणखर दिसते, पण ओरखडा पडल्यावर तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही, सगळा थर काढावा लागतो. आणि सगळा थर काढणे म्हणजे मागचा रंगवलेला क्रमांकही जाणे.

हे ज्ञान दुर्मीळ नव्हते. सरकारी कार्यालयांत आणि रेल्वेत खुर्च्या विणण्याची पदे असत आणि ती दृष्टिहीन कारागिरांना दिली जात. अंधांच्या कार्यशाळांमध्ये हे काम रीतसर शिकवले जाई. बोटांनी मोजत सात फेऱ्या विणणारा माणूस कार्यालयाच्या पगारपत्रकावर होता, म्हणून वेताची खुर्ची परवडत होती. मोल्डेड प्लास्टिक आणि चाकाच्या खुर्च्या आल्या, ती कामे आटली, आणि त्यानंतर फाटलेल्या प्रत्येक आसनापुढे कार्यालयाकडे एकच मार्ग उरला: निकामी ठरवणे. चंडीगडच्या गच्च्यांवर साचलेल्या ढिगाऱ्याचे कारण तिथल्या लोकांची सौंदर्यदृष्टी कमी होती असे सांगितले जाते. हे अपमानास्पद आहे आणि चुकीचेही. त्या कारकुनाला खुर्ची दुरुस्त करून घ्यायला कोणाकडे पाठवायचे हेच उरले नव्हते.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. संगणकापुढे आठ तास बसणाऱ्याला ठरावीक उंचीची लाकडी खुर्ची द्यायची का? नाही द्यायची. ती खुर्ची टाइपरायटर आणि फायलींच्या काळासाठी आखलेली आहे, उंची बदलत नाही, पाठीला कमरेशी आधार देत नाही. पण कार्यालयात सगळेच आठ तास बसत नाहीत. अभ्यागतांची खोली, बैठकीची खोली, ग्रंथालय, न्यायालयाच्या बाहेरचा ओटा, इथे माणसे तासभर बसतात आणि तिथे आज दिसतात त्या पत्र्याच्या भोकांच्या रांगा. दुसरा आक्षेप खर्चाचा: एका आसनाच्या विणकामाच्या मजुरीत प्लास्टिकची नवी खुर्ची येते. येते, आणि उन्हात ठेवली तर काही वर्षांत ठिसूळ होऊन तिचा पाय चिरतो. मग तिचे काहीच करता येत नाही. सागाची खुर्ची तिच्या आयुष्यात पाच-सहा वेळा विणून घेता येते. खरेदीचा आणि दुरुस्तीचा खर्च वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली पडतो म्हणून हा हिशेब कोणी एकत्र मांडत नाही.

नकलांविषयीही स्पष्ट बोलायला हवे, कारण तिसरा आवाज तिथे नेतो. भारतीय कायद्यानुसार नोंदवलेल्या डिझाइनचे संरक्षण फार तर 15 वर्षे असते, आणि नोंदणी न करता औद्योगिक पद्धतीने 50 हून अधिक नग काढले की कॉपीराइटही संपतो. म्हणजे ही खुर्ची आज कोणत्याही सुताराने बनवावी. बनवावीच. बंगळुरूच्या फँटम हँड्स या फर्निचर कंपनीसारखे लोक ती नव्याने, नवी म्हणून बनवतात, हे उत्तम आहे. वेग्नरची ‘विशबोन’ खुर्ची 1950 पासून अखंड बनते आहे, म्हणूनच तिचे सुमारे 120 मीटर कागदी दोरीचे आसन विणणारे हात आजही जगभर सापडतात. खोटेपणा सुरू होतो तो नव्या खुर्चीवर जुन्या कार्यालयाचा क्रमांक रंगवला की. आणि दुसरा खोटेपणा, कमी दंडनीय पण जास्त पसरलेला: एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, पेटीला चार स्क्रूंनी तिरके पाय लावून तिला याच शैलीचे नाव देणे. तिरक्या पायाला कुसूचा किंवा आडव्या दांड्याचा आधार लागतो. एमडीएफमध्ये स्क्रूची पकड दोन-तीन वेळा सरकवल्यावर भुगा होऊन सुटते. पाय तिरका का आणि कशाच्या बळावर, हे सोडून फक्त तिरकेपणा उचलला की असे होते.

महाराष्ट्रात जानरेची खुर्ची नाही, पण त्याच दशकांतले सागाचे आणि वेताचे सामान जिल्हा परिषदांत, महाविद्यालयांत, बँकांच्या जुन्या शाखांत आणि पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांच्या घरांत भरपूर आहे, आणि ते दर महिन्याला निघते आहे. वाड्यांच्या बाबतीत हे आपण एकदा पाहिले. कोरीव खांब आणि दरवाजे ओझे म्हणून विकले गेले, आणि आज ते हॉटेलांच्या दालनात शोभेला उभे आहेत. घरात निर्णय सोपा आहे: इमारत रिकामी करण्याआधी खुर्ची उलटी करून पाहावी. सांधे कुसूचे आहेत का, लाकूड आरपार एकच आहे का, वाळवीचा भुगा गळतो का. पहिल्या दोनांना हो आणि तिसऱ्याला नाही असेल तर ती दुरुस्त होते.

कार्यालयांसाठी मागणी याहून नेमकी करता येईल. जडवस्तू नोंदवहीत लाकडी सामानाच्या रकान्यात लाकूड, सांध्याचा प्रकार आणि छायाचित्र यावे. निर्लेखनाच्या, म्हणजे सामान निकामी ठरवून नोंदीतून काढण्याच्या, समितीवर आज हिशेबाची माणसे असतात. तिथे एक सुतार असावा आणि ‘दुरुस्तीयोग्य नाही’ या शेऱ्याखाली त्याची सही लागावी. साठवण करायची तर जमिनीपासून वीतभर उंच पट्ट्यांवर, हवा खेळेल अशी, प्लास्टिकचे आच्छादन न घालता. मोडलेले नग लगेच विकू नयेत, त्यांचे पाय आणि दांडे सुट्या भागांसाठी राखावेत. विणकामासाठी जिल्ह्याचा वार्षिक दरकरार व्हावा आणि त्यात अंधांच्या कार्यशाळांना पहिला हक्क मिळावा. चंडीगडमध्ये वारसा म्हणून नोंदले गेलेले 12 हजारांहून अधिक नग आजही कार्यालयांत आहेत. त्यांतल्या कितींचा वेत यंदा भरला गेला, हा आकडा प्रशासनाने दरवर्षी जाहीर करावा. लिलावाच्या बातमीनंतर संतापणाऱ्यांनी आधी तो मागावा.